जुनी गाडी, स्वयंचलित गिअर आणि आपला हिशेब

मोटारगाडी विकत घेताना मध्यमवर्गीय कुटुंब जितका विचार करते, त्याच्या दशांशानेही विचार ती गाडी जुनी झाल्यावर करीत नाही. मॉडेल, रंग, व्याजदर आणि मासिक हप्ता यांवर घरात महिनोन्महिने खल चालतो. परंतु दहा वर्षांनी, दीड लाख किलोमीटर धावून झाल्यावर त्याच गाडीचा स्वयंचलित गिअरबॉक्स कुरकुरू लागला, की निर्णय मात्र एखाद्या दुपारी गॅरेजच्या दारात उभ्याउभ्या घेतला जातो. कोणी घाबरून गाडी मिळेल त्या किमतीला काढून टाकतो, तर कोणी आजवर इतका खर्च केला आहे म्हणून आणखी खर्च करीत राहतो. दोन्ही निर्णयांत गाडीची तपासणी नसते आणि पैशाचा हिशेबही नसतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच, की हा निर्णय भावनेवर अथवा भीतीवर न सोडता तो एखाद्या कर्जखात्याप्रमाणे शांतपणे तपासला जावा.

हा विषय आजच मांडण्यास कारण आहे. एके काळी आपल्याकडे क्लचविरहित गाडी ही श्रीमंतांची चैन समजली जाई. फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ ही लहान गाडी ‘एएमटी’ गिअरसह सादर केली आणि स्वयंचलित गिअर सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आला. पुढील काही वर्षांत अन्य कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. त्या पिढीतील गाड्यांनी आता दशकाचा टप्पा ओलांडला आहे. त्यांची हमी केव्हाच संपली, कर्जे फिटली, आणि दुरुस्तीचा काळ मात्र आता सुरू झाला आहे.

या गाड्या कोणी घेतल्या, हेही ध्यानात घ्यावयास हवे. आमच्या रायपुरात शारदा चौक ते तात्यापारा या रस्त्यावर सायंकाळी गाडी चालविणाऱ्याला क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठ नागरिक, मध्यमवयात नव्याने गाडी शिकलेल्या गृहिणी आणि रोज तेलीबांधा ते टाटीबंध असा प्रवास करणारे नोकरदार, हा या गाड्यांचा मोठा ग्राहकवर्ग होय. त्यांच्या दृष्टीने स्वयंचलित गिअर ही चैन नसून स्वावलंबनाचे साधन आहे. कर्ज विभागात बसणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्यासमोर हा प्रश्न अधूनमधून येतोच. एका सेवानिवृत्त ग्राहकांनी मला विचारले होते, “साहेब, मुलगा म्हणतो, बाबा, गाडी काढून टाका. पण गाडी गेली की माझं डोळ्यांच्या तपासणीला जाणं दुसऱ्याच्या सवडीवर आलं. सांगा, काय करू?” मी म्हणालो, “काका, आधी गाडीला नक्की झालंय काय, ते कागदावर लिहून घ्या. मग आपण हिशेब करू.” पुढील विवेचन म्हणजे त्याच उत्तराचा विस्तार आहे.

चार जाती, चार स्वभाव

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली वस्तुतः चार निरनिराळी यंत्रे येतात. आपल्या गाडीत यांपैकी कोणते आहे, हे माहीत नसणे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन नुसते ‘गोळी द्या’ म्हणण्यासारखे होय.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरकडे जाते. अमेरिकेत ओल्ड्समोबाइलने १९४० च्या मॉडेलसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून तेलावर चालणारी ही परंपरा चालू आहे. यंत्र जड असले तरी टिकाऊ असते. दुसरा प्रकार सीव्हीटीचा. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमधून फिरणारा पोलादी पट्टा गती सलगपणे बदलतो. प्रवास सुखद होतो, मात्र चुकीचे अथवा जळके तेल या पट्ट्याला मुळीच सोसत नाही. तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. गिअर क्षणार्धात बदलतात, पण रांगत चालणाऱ्या रहदारीत क्लच तापतात. चौथा प्रकार एएमटी. हा मूळचा साधा हाताचा गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे मोटर अथवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्याचा क्लच साध्या गाडीप्रमाणेच झिजतो आणि बदलताही येतो, म्हणून दुरुस्ती तुलनेने स्वस्त पडते.

‘ऑटोमॅटिक बिघडली, आता लाखभर गेले’ हे वाक्य त्यामुळे सरसकट खरे मानू नये. एएमटीचा झिजलेला क्लच आणि सीव्हीटीचा तुटलेला पट्टा ही दोन्ही दुखणी ‘गिअर बिघडला’ याच नावाने ओळखली जातात; त्यांच्या खर्चात मात्र अनेक पटींचे अंतर असते.

उष्णता आणि ‘आजीवन’ ऑइल

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या प्रकारांत गिअर ऑइल एकाच वेळी चार कामे करते: शक्ती वाहून नेते, दाब निर्माण करते, भागांना वंगण पुरविते आणि उष्णता बाहेर काढते. या तेलाचा मुख्य शत्रू उष्णता हाच होय. तापमान साधारण दहा-अकरा अंश सेल्सिअसने वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ ठोकताळा तंत्रज्ञांत रूढ आहे. रायपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे, आणि नवतप्याचे दिवस तर आपण सर्वच जाणतो. त्यात उरला-सिलतरा पट्ट्यातून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर धुळीचे थर बसतात. अनेक गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी नळी याच रेडिएटरमधून जाते. रेडिएटर चोंदला की इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही तापतो. रेडिएटर आतून फुटला तर पाणी गिअर ऑइलमध्ये मिसळते आणि तेल दुधाळ दिसू लागते. त्या अवस्थेत गाडी चालवीत राहिल्यास गिअरबॉक्स वाचणे कठीण.

अशा हवामानात ‘आजीवन ऑइल, कधीही बदलू नये’ हे जे आश्वासन काही गाड्यांसोबत दिले जाते, त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हा शब्द ग्राहकाने अक्षरशः घेऊ नये. आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीचे, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘कठीण वापर’ असे एक वेगळे वेळापत्रक असते. अति उष्ण हवा, धूळ, थांबत-चालत जाणारी रहदारी, डोंगरी रस्ते ही त्याची लक्षणे होत. रायपुरात राहणारा आणि वर्षातून दोनदा केशकालच्या घाटातून जगदलपूरला जाणारा ग्राहक त्यांतील सर्व लक्षणांत बसतो. त्याने तेच वेळापत्रक आपले मानावे.

ऑइलच्या संदर्भात दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, पुस्तिकेत नमूद केलेल्याच प्रतीचे ऑइल वापरावे. सीव्हीटीचे ऑइल आणि साध्या ऑटोमॅटिकचे ऑइल ही भिन्न द्रव्ये आहेत. ‘सगळ्यांना चालते’ असे सांगणारा डबा महागात पडू शकतो. दोन, लाख-सव्वा लाख किलोमीटरपर्यंत ऑइल कधीच बदलले नसेल, तर यंत्राच्या जोराने सर्व ऑइल एकदम धुऊन काढण्याचा आग्रह धरू नये. खालचा बोल्ट काढून निघेल तेवढे ऑइल काढावे, तेवढेच नवे भरावे आणि काही अंतर चालवून पुन्हा तसेच करावे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेचसे जुने ऑइल उरत असल्याने एका खेपेत सगळे बदलत नाही. ‘ऑइल बदलले आणि गिअर गेला’ अशा कथा आपण ऐकतो. त्यांतील बऱ्याच गाड्यांचे क्लच आधीच झिजलेले असतात आणि ऑइल बदलण्याचा विचार त्रास जाणवू लागल्यावर केलेला असतो. दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी औषधाला दोष द्यायचा, असाच हा प्रकार.

गिअरबॉक्सचे ‘विशेष उल्लेख खाते’

आमच्या व्यवसायात कर्ज एका रात्रीत बुडत नाही. हप्ता थकल्यापासून नव्वद दिवसांच्या आत ते ‘विशेष उल्लेख खाते’ म्हणून नोंदले जाते, नव्वद दिवसांनंतर ते अनुत्पादक ठरते, आणि पुढे अवमानक, संशयास्पद व अखेरीस बुडीत अशा पायऱ्या ते उतरते. प्रत्येक पायरीवर उपाय वेगळा आणि वसुलीची आशा उत्तरोत्तर कमी. गिअरबॉक्सही असाच पायरीपायरीने उतरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली पायरी म्हणजे विशेष उल्लेख. सकाळी ‘डी’ अथवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मगच हलते. एकसारख्या वेगाने जाताना रस्त्यावरील बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. गाडी उभी राहते त्या जागी लालसर तेलाचा ठिपका दिसतो. ही वेळ ऑइलची पातळी, प्रत आणि गळती तपासण्याची असते. या पायरीवर केलेला खर्च सहसा हजारांत राहतो.

दुसरी पायरी अवमानक. गिअर बदलताना धक्का बसतो, किंवा इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. ऑइल काळपट होऊन जळका वास येतो. येथे सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, क्लच अशा भागांपैकी एखादा बदलून काम निभावू शकते. मात्र विलंब चालत नाही.

तिसरी पायरी संशयास्पद. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून संथ चालते, डॅशबोर्डवरील दिवा विझत नाही, गरम झाल्यावर रिव्हर्स पडत नाही. येथे गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसते. चौथी पायरी बुडीत. गिअर कोणताही टाका, गाडी जागची हलत नाही.

माझ्या मते ग्राहकाचे सर्वांत मोठे नुकसान पहिल्या पायरीवरच होते, कारण तेथे गाडी ‘चालते तर आहे’. बँकेतही हप्ता पंधरा दिवस उशिरा आला की खातेदार म्हणतो, आला ना शेवटी! अनुभवी शाखाधिकारी त्याच वेळी दूरध्वनी उचलतो. गाडीच्या मालकानेही तेच करावे.

आधी निदान, मग दुरुस्ती

गिअरबॉक्सकडे बोट दाखविणारी सर्व लक्षणे गिअरबॉक्सचीच असतात असे नाही. इंजिनाचे रबरी माउंटिंग तुटले असता धक्का बसतो. अशक्त बॅटरी अथवा गंजलेले अर्थिंग यांमुळे संगणकाला चुकीचे संकेत मिळतात. वेग मोजणारा साधा सेन्सर, ब्रेकचा स्विच, मळलेली थ्रॉटल बॉडी यांच्या बिघाडानेही गिअर विचित्र वागतो. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: बॅटरी आणि वायरिंग, माउंटिंग, ऑइल, स्कॅनरवरील कोड, रस्त्यावरील चाचणी, आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स उघडणे.

स्कॅनरने ‘पी ०७००’ दाखविले की गिअरबॉक्स गेला, असे सांगणारे मिस्त्री आढळतात. वास्तविक हा कोड ‘गिअरच्या यंत्रणेत काही नोंद झाली आहे’ एवढेच सांगतो. नेमका दोष पुढील कोडमध्ये असतो. तपासणी करणाऱ्याकडून सर्व कोड लेखी घ्यावेत, ते पुसून टाकण्याआधी घ्यावेत. खर्चाचा अंदाज मजुरी, सुटे भाग आणि ऑइल अशा वेगवेगळ्या रकान्यांत मागावा. काढलेले जुने भाग परत मागावेत. दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्सवर किती महिन्यांची वा किलोमीटरची हमी, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी हमी म्हणजे बिनसहीचा धनादेश. भंगारातून काढलेला गिअरबॉक्स स्वस्तात बसवून देण्याचा प्रस्ताव आला, तर तो किती चालला होता याचा पुरावा आणि लेखी हमी या दोन्ही गोष्टींशिवाय तो स्वीकारू नये.

गाडी वाटेत बंद पडली तर आणखी एक पथ्य पाळावे. पुढील चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला वंगण मिळत नाही आणि थोडक्यात वाचू शकणारे यंत्र ओढण्यानेच जाते. संपूर्ण गाडी वर चढविणारे वाहन बोलवावे, अथवा निदान पुढील चाके उचलून न्यावीत. नागपूरच्या वाटेवर देवरी-साकोलीच्या दरम्यान रात्री हे आठवणे कठीण जाते, म्हणून घरातील प्रत्येक चालकास ते आधीच सांगून ठेवावे.

दोष नेहमी चालकाचा नसतो

गिअर बिघडला की ‘तुमची चालविण्याची पद्धत चुकते’ हे उत्तर ग्राहकास हमखास ऐकावयास मिळते. ते कधी खरेही असते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे एएमटी आणि दुहेरी क्लच या दोहोंना मारक आहे. तथापि इतिहास असे सांगतो, की मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांतही मूळ दोष निघाले आहेत.

फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण व दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत त्यातील कृत्रिम तेलामुळे विद्युत बिघाड संभवत होता, म्हणून त्याजागी खनिज तेल भरावयाचे होते. निसानने २००९ मध्ये अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातील आपल्या सीव्हीटी गाड्यांची हमी १० वर्षे अथवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढविली. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या धक्क्यांबद्दल तक्रार करणाऱ्या ग्राहकांना ‘तुमच्या चालविण्यामुळे होते’ असे सांगितले जात होते. एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने या वागणुकीबद्दल कंपनीस १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

भारतातही दुरुस्तीचा बाजार खुला असावा या तत्त्वाला मान्यता मिळाली आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध न केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध पुढे अपिले झाली, हे खरे. परंतु गाडी विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करून घेण्याची निवडही असली पाहिजे, हा मुद्दा त्या आदेशाने ठामपणे पुढे आणला. ग्राहकाने आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काही मोफत दुरुस्ती अथवा वाढीव हमी जाहीर केली आहे काय, हे चॅसिस क्रमांक देऊन अवश्य विचारावे. सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अडीच लाखांच्या गाडीवर एक लाखाची दुरुस्ती करावी काय? शेजारीपाजारी चटकन म्हणतात, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! म्हण लाखमोलाची आहे, पण येथे ती फसवी ठरते. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी करावयाची नसून, तेवढ्याच काळासाठी दुसरी गाडी बाळगण्याच्या खर्चाशी करावयाची असते.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. गाडी बिघडलेल्या अवस्थेत विकल्यास एक लाख मिळतात. दुरुस्तीस एक लाख लागतात आणि त्यानंतर गाडी चार वर्षे चालून ऐंशी हजारांना विकली जाते. म्हणजे चार वर्षांचा भार १ लाख २० हजार. जुन्या गाडीची जादा देखभाल वर्षाला २५ हजार धरली, तरी दरवर्षी साधारण ५५ हजार रुपये पडतात. याउलट दहा लाखांची नवी गाडी घेतली, जुन्या गाडीचे एक लाख आणि शिल्लक एक लाख भरून उरलेल्या आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे १६,६०७ रुपये येतो. विम्यातील प्रचलित घसाऱ्यानुसार चार वर्षे पूर्ण होताच गाडीचे मूल्य निम्मे धरले जाते. घसारा पाच लाख आणि चार वर्षांचे व्याज सुमारे १ लाख ८७ हजार, म्हणजे वर्षाला जवळपास १ लाख ७२ हजार. नव्या गाडीचा जास्तीचा विमा वेगळाच. अंतर तिपटीहून अधिक आहे.

कर्ज देणाऱ्या बँकेचा अधिकारी हे लिहितो, याचे कोणास नवल वाटेल. परंतु न पेलणारे कर्ज देण्यापेक्षा ग्राहकाचा हिशेब नीट असणे बँकेच्याही हिताचे असते.

तथापि हा हिशेब प्रत्येक वेळी दुरुस्तीच्याच बाजूने कौल देईल असे नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, सांगाड्यास गंज चढला असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर गिअरबॉक्सवरील लाख रुपये वाया जातील. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये झाले. चौदाव्या वर्षी मोठी दुरुस्ती काढणाऱ्याने हा खर्चही जोडावा. सुरक्षिततेचा मुद्दा तर पैशाच्या पलीकडचा आहे. चालकाशेजारच्या आसनासाठी एअरबॅग सर्व नव्या मोटारींत २०२२ पासून अनिवार्य आहे. आपल्या जुन्या गाडीत ती नसेल आणि महामार्गावरचा प्रवास वारंवार होत असेल, तर केवळ स्वस्त पडते म्हणून ती बाळगणे मला योग्य वाटत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीची अपेक्षित किंमतही नव्या भावांकडे पाहूनच ठरवावी.

आणि एक मोह कटाक्षाने टाळावा. ‘मागल्या वर्षी चाळीस हजार घातले, आता सोडून कसे देऊ?’ जो पैसा गेला तो गेला. निर्णय यापुढे लागणारा खर्च आणि यापुढे मिळणारी सेवा एवढ्यावरच घ्यावा. बुडीत खात्याला वाचविण्यासाठी नवे कर्ज देणारी बँक शहाणी समजली जात नाही.

तरतूद, विमा आणि विक्री

पैसा कोठून आणावयाचा? बँका चांगल्या, नियमित कर्जांवरही तरतूद करतात. सर्वसाधारण कर्जांसाठी ती दीर्घकाळ ०.४० टक्के राहिली आहे. खाते उत्तम असतानाच त्याच्या आजारपणाची सोय करण्याचे हे तत्त्व गाडीलाही लागू पडते. हमी संपली त्या महिन्यापासून गाडीच्या नावे दोन हजारांची आवर्ती ठेव सुरू केली, तर तीन वर्षांत ७२ हजार रुपये आणि वर व्याज जमते. गिअर बिघडला तर दुरुस्ती होते, न बिघडला तर पुढील गाडीची पहिली रक्कम हाताशी येते. तरतूद नसेल तर क्रेडिट कार्डावर दुरुस्ती करून थकबाकी ठेवू नये. तेथील व्याज अनेकदा दरमहा तीन टक्क्यांहून अधिक असते. मुदत ठेव असल्यास तिच्यावरील ओव्हरड्राफ्ट पुष्कळ स्वस्त पडतो.

विम्यावर विसंबून राहणेही चुकीचे. नेहमीच्या वाहन विम्यात झीज अथवा यांत्रिक बिघाड समाविष्ट नसतो. इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाची जोड घेतली तरी ती प्रामुख्याने पाणी शिरणे किंवा आघाताने ऑइल गळणे अशा प्रसंगांसाठी असते; दीड लाख किलोमीटरची झीज त्यात बसत नाही.

गाडी विकण्याचेच ठरले, तर कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन नोंदणी पुस्तिकेवरील तारणाची नोंद काढून घ्यावी. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० भरावेत. नागपुरातील नातलगास गाडी द्यावयाची झाल्यास रायपूरच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये घ्यावे लागते. हे सोपस्कार अपुरे ठेवल्यास उद्या त्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस जुन्याच मालकाच्या दारी येते.

परंतु कागदपत्रांहून महत्त्वाची गोष्ट आहे ती प्रामाणिकपणाची. विक्रीच्या आदल्या दिवशी स्कॅनरने कोड पुसून, थंड गाडी दोन गल्ल्या फिरवून ग्राहकाच्या गळ्यात मारणे सोपे असते. गिअरचा दोष गाडी पूर्ण तापल्यावरच दिसतो, हे विकणाऱ्यास माहीत असते, घेणाऱ्यास नसते. घेणारा बहुधा आपल्याहून कमी ऐपतीचा, पहिल्यांदाच चारचाकी घेणारा, कदाचित जुन्या गाडीसाठी कर्ज काढून आलेला असतो. त्याचा पहिला हप्ता भरण्याआधीच गाडी बंद पडली, तर बुडणारा पैसा त्या घरातल्या मुलांच्या शाळेच्या फीचा असू शकतो. दोष सांगून दहा-वीस हजार कमी घेणे हा तोटा नव्हे, असे मी मानतो. घेणाऱ्यानेही किमान अर्धा तास गाडी चालवून, गरम झाल्यावर रिव्हर्स टाकून, चढावर थांबवून आणि ऑइलचा रंग-वास पाहूनच व्यवहार करावा.

सारांश, जुनी स्वयंचलित गाडी हे ओझेही नव्हे आणि घरातले दैवतही नव्हे. ती एक झिजत जाणारी मालमत्ता आहे. तिच्या झिजेचा वेग ऑइल, उष्णता आणि आपले लक्ष यांवर ठरतो. पहिल्या थरथरीकडे दुर्लक्ष न करणे, निदान लेखी घेणे, पुढील चार वर्षांचा हिशेब मांडणे आणि त्यासाठी आधीच तरतूद करणे, या चार गोष्टी ज्याने केल्या त्याचा निर्णय दुरुस्तीचा असो वा विक्रीचा, तो चुकण्याची शक्यता फारच थोडी. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय सोडावयाची असेल, तर येत्या रविवारी गाडीची माहितीपुस्तिका काढून गिअर ऑइलचे पान उघडावे, आणि शेवटचे ऑइल कधी बदलले होते ते गाडीच्या बिलांच्या फायलीत शोधावे.